स्पॅनिशमध्ये भूतकाळ सांगताना आयेर, या, सिएम्प्रे, आसे: कुठे कोणतं क्रियारूप?

पानगळ (प्रश्न)

क्रियापदांची रूपं पाठ आहेत: इन्देफिनिदो (साधा भूतकाळ; फुई, गेलो), इम्पेर्फेक्तो (इबा; जायचो, जात होतो), पेर्फेक्तो (ए इदो; गेलोय), प्लुस्कुआम्पेर्फेक्तो (आबिया इदो; गेलेलो होतो). घोळ होतो तो कालवाचक क्रियाविशेषणांशी जोडी लावताना. बहुतेक अभ्यासपुस्तकांत तीन रकाने असतात. पहिल्यात आयेर (काल), आनोचे (काल रात्री), ला सेमाना पासादा (गेल्या आठवड्यात), दे रेपेन्ते (अचानक), आणि त्यांच्यापुढे इन्देफिनिदो. दुसऱ्यात सिएम्प्रे (नेहमी), आ मेनुदो (बऱ्याचदा), तोदोस लोस दियास (रोज), मिएन्त्रास (दरम्यान), आणि त्यांच्यापुढे इम्पेर्फेक्तो. तिसऱ्यात ओय (आज), एस्ता सेमाना (या आठवड्यात), या (आधीच), तोदाबिया नो (अजून नाही), आणि त्यांच्यापुढे पेर्फेक्तो.

हे रकाने घेऊन साधा मजकूर वाचायला बसलं, की दुसऱ्याच पानावर "सिएम्प्रे किसे" (नेहमीच हवं होतं; इन्देफिनिदो) आणि "आयेर एस्ताबा" (काल होतो; इम्पेर्फेक्तो) भेटतात. मग रकाने चूक की मजकूर? खालच्या वाक्यांत नेमकं काय बिघडलंय आणि का, तेही सांगा:

१. आयेर आबिया इदो आल मेर्कादो. (काल मी बाजारात गेलो होतो.)
२. बिबो आकी देस्दे सिन्को आन्योस. (पाच वर्षांपासून इथे राहतो.)
३. येगे आन्तेस दे दोस आन्योस. (दोन वर्षांपूर्वी आलो.)
४. एन एल लूनेस नो फुई आ क्लासे. (सोमवारी वर्गाला गेलो नाही.)
५. नुन्का नो ए कोमिदो पेस्कादो. (मासे कधीच खाल्ले नाहीत.)
६. एल बेरानो पासादो इबा आ ला प्लाया त्रेस बेसेस. (गेल्या उन्हाळ्यात तीनदा समुद्रावर गेलो.)

उच्चार लॅटिन अमेरिकन धर्तीचे लिहिलेत, म्हणून 'आसे' (आसे दोस आन्योस, दोन वर्षांपूर्वी). माद्रिदकडचे 'आथे' म्हणतील.

---

दोनओळी

रकाने चूक नाहीत, पण ते नियम म्हणून छापले जातात आणि असतात मात्र नुसता कल. क्रियाविशेषण 'केव्हा' किंवा 'किती वेळा' एवढंच सांगतं. त्या घटनेकडे तुम्ही पुरी झालेली म्हणून बघताय की चालू असताना आतून बघताय, हे क्रियारूप सांगतं. दोन्ही माहिती वेगळी आहे, म्हणून एकच शब्द दोन्ही रूपांपुढे येऊ शकतो.

मराठी माणसाला हे खरं तर सोपं जायला हवं, कारण आपल्याकडे 'गेलो', 'जायचो' आणि 'जात होतो' अशी तीन वेगळी रूपं तयार आहेत. 'गेलो' म्हणजे फुई. 'जायचो' आणि 'जात होतो' दोन्ही इबा. इंग्रजीतून शिकणारे इथे अडखळतात, कारण तिथे एकच साधा भूतकाळ दोन्ही कामं करतो. रकाने त्यांच्या सोयीसाठी बनलेत. तेव्हा वाक्य आधी मराठीत म्हणून बघा:

एल बेरानो पासादो फुई आ ला प्लाया तोदोस लोस दियास. गेल्या उन्हाळ्यात रोज समुद्रावर गेलो.
दे निन्यो इबा आ ला प्लाया तोदोस लोस दियास. लहानपणी रोज समुद्रावर जायचो.

'रोज' दोन्हीकडे आहे. पहिल्यात एक उन्हाळा उचलून त्याचा हिशोब मांडलाय, दुसऱ्यात सवय सांगितलीय. मराठीत कान जिथे 'जायचो' मागतो, तिथे इम्पेर्फेक्तो.

सिएम्प्रेचंही तेच. "एन एसे रेस्ताउरान्ते सिएम्प्रे पेदिया सोपा" म्हणजे तिथे दर वेळी सूप मागवायचो. "सिएम्प्रे फुए ऊना बुएना आमिगा" म्हणजे ती कायम चांगली मैत्रीण राहिली, सगळा काळ एका गठ्ठ्यात. 'दर वेळी' असेल तर इम्पेर्फेक्तो, 'पहिल्यापासून शेवटपर्यंत' असेल तर इन्देफिनिदो. तुम्हाला भेटलेलं "सिएम्प्रे किसे" या दुसऱ्या जातीचं.

ही कसोटी 'असणे'पाशी मात्र लंगडी पडते, कारण मराठीत दोन्हीकडे 'होतो'च येतं:

आयेर आ लास ओचो एस्ताबा एन कासा. काल आठ वाजता घरी होतो.
आयेर एस्तुबे एन कासा आस्ता लास ओचो. काल आठपर्यंत घरी होतो.

इथे क्रियाविशेषणाकडेच बघावं लागतं. 'आठ वाजता' हा एक क्षण आहे, त्या क्षणी स्थिती चालू होती. 'आठपर्यंत' म्हटलं की शेवट आला, चौकट बंद झाली. आस्ता (पर्यंत), दुरान्ते (इतका काळ), तोदा ला तार्दे (अख्खी दुपार), दे ओचो आ दिएस (आठ ते दहा), दोस बेसेस (दोनदा) हे खरे 'बंद करणारे' शब्द. आयेरपेक्षा यांच्यावर जास्त विसंबता येतं. काळ लांबलचक आहे म्हणून इम्पेर्फेक्तो लावायचं, हा गैरसमज फार पसरलाय. "बिबी बेइन्ते आन्योस एन लीमा", वीस वर्षं राहिलो, इन्देफिनिदोच. वीस काय, दोनशे वर्षं असती तरी तेच.

काही क्रियापदांत मराठी चक्क दोन वेगळे शब्द वापरते, त्याचा फायदा घ्या. साबिया म्हणजे माहीत होतं, सुपे म्हणजे कळलं. कोनोसिया म्हणजे ओळख होती, कोनोसी म्हणजे ओळख झाली. म्हणून "आयेर सुपे ला नोतिसिया" (बातमी काल कळली) बरोबर. तिथे साबिया टाकलं तर 'काल ती बातमी मला माहीत होती' असा भलताच अर्थ निघतो.

आता तुमचं पहिलं वाक्य. मराठी भाषकांची ही ठरलेली चूक आहे आणि ती सहसा पुस्तकांत सापडत नाही, कारण ती पुस्तकं आपल्यासाठी लिहिलेली नाहीत. मराठीत जाऊन परत आलो, की 'काल बाजारात गेलो होतो' म्हणतो. 'त्याला फोन केला होता', 'हा सिनेमा पाहिला होता', या होतो-होतामागे दुसरी कुठलीही घटना लागत नाही. स्पॅनिशचं आबिया इदो मात्र एकटं उभं राहत नाही. त्याला भूतकाळातलीच दुसरी एक खूण लागते: "कुआन्दो येगे आ ला एस्तासिओन, एल त्रेन या आबिया सालिदो", मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटलेली होती. 'सुटलेली होती', 'गेलेलो होतो' असं म्हणावंसं वाटत असेल, तरच प्लुस्कुआम्पेर्फेक्तो. स्वतःला विचारा, 'कशाच्या आधी?' उत्तर वाक्यात किंवा आधीच्या वाक्यात नसेल तर साधं "आयेर फुई आल मेर्कादो". नाहीतर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो.

या चुकीचं धाकटं भावंड म्हणजे 'कालच आलोय'. मराठीत 'आलोय'बरोबर काल खपतं. स्पॅनिशमध्ये "ए येगादो आयेर" खपत नाही. आयेर म्हटलं की दिवस संपलेला, तिथे येगे.

---

मुका_एच

दोनओळींनी मुख्य भाग सांगितलाच आहे. मी फक्त आसे आणि देस्देबद्दल लिहितो, कारण २ आणि ३ दोन्ही तिथेच अडकलेत.

आसे हे मुळात क्रियाविशेषण नाहीच. आसेर (करणे) या क्रियापदाचं ते एकवचनी रूप आहे, 'दोन वर्षं झाली' मधल्या 'झाली'च्या जागी गोठलेलं. वर्षं कितीही असोत, ते बदलत नाही. आसेन दोस आन्योस कधीच नाही.

घटना होऊन गेली असेल तर: "येगे आसे दोस आन्योस", किंवा उलटं, "आसे दोस आन्योस के येगे". दुसऱ्या मांडणीत के गाळून "आसे दोस आन्योस येगे आ लीमा" असंही चालतं. गोष्ट अजून चालू असेल तर वर्तमानकाळ: "आसे दोस आन्योस के बिबो आकी". इथे के गाळता येत नाही. म्हणजे आसे दोस आन्योस तेच, फरक फक्त क्रियापदाचा: येगे असेल तर 'दोन वर्षांपूर्वी', बिबो असेल तर 'गेली दोन वर्षं'.

इथेही मराठी हाताशी आहे. 'गेली दोन वर्षं इथे राहतोय' हा आपला वर्तमानकाळच आहे. इंग्रजीवरून गेलात तर "ए बिबिदो आकी दोस आन्योस" तोंडात येतं. ते व्याकरणात बसतं, पण मुक्काम चालू आहे की संपला हे त्यातून नीट कळत नाही. बोलताना आणखी एक रचना सतत ऐकू येते: "येबो दोस आन्योस बिबिएन्दो आकी". नकारात ती अशी होते: "येबो दोस आन्योस सिन फुमार", दोन वर्षं धूम्रपान केलेलं नाही.

नकारात मराठी आणि स्पॅनिश वेगळ्या वाटेने जातात, तिथे जपा. आपण म्हणतो 'दोन वर्षं झाली, तो दिसला नाही'. स्पॅनिशमध्ये "आसे दोस आन्योस के नो लो बेओ", क्रियापद वर्तमानात.

देस्देमध्ये तुमची चूक -पासून या एकाच प्रत्ययामुळे झालीय. '2019 पासून' आणि 'पाच वर्षांपासून' आपल्याला सारखेच. स्पॅनिशमध्ये देस्देपुढे सुरुवातीचा बिंदू लागतो: देस्दे 2019, देस्दे एनेरो, देस्दे आयेर, देस्दे के येगे. 'पाच वर्षं' हा बिंदू नाही, लांबी आहे. लांबीचा बिंदू करायला मध्ये आसे घालायचं: "बिबो आकी देस्दे आसे सिन्को आन्योस". शब्द एकच राहिलाय, पण त्याच्यावाचून वाक्य उभं राहत नाही.

तिसऱ्या वाक्यात 'पूर्वी' म्हणून आन्तेस दे आलंय. आन्तेस दे दोस आन्योस म्हणजे 'दोन वर्षं पुरी व्हायच्या आत'. 'एन्त्रेगार एल त्राबाखो आन्तेस दे दोस सेमानास', दोन आठवडे भरायच्या आत काम देणे, असा तो वापर. आजपासून मागे मोजायचं असेल तर आसे. आत्रासही चालतं (दोस आन्योस आत्रास), पण दोन्ही एकत्र, "आसे दोस आन्योस आत्रास", ही द्विरुक्ती आहे. बोलण्यात सर्रास ऐकू येते, लिखाणात टाळतात.

गोष्टच भूतकाळात घडत असेल तर सगळा सांगाडा एक पाऊल मागे सरकतो: "आसिया दोस आन्योस के बिबिया आयी कुआन्दो लो कोनोसी", त्याची ओळख झाली तेव्हा मला तिथे राहून दोन वर्षं झाली होती. आसे तसंच ठेवून फक्त दुसरं क्रियापद मागे नेणं ही पुढच्या पातळीवरच्या निबंधांतली नेहमीची चूक.

आणि 'आत्ताच': आकाबार दे. "आकाबो दे कोमेर", आत्ताच जेवलो. काम संपलेलं आहे पण रूप वर्तमानाचं. भूतकाळात आकाबाबा दे (नुकताच जेवलो होतो). आकाबे दे कोमेर म्हटलंत तर अर्थ बदलून 'जेवण संपवलं' असा होतो.

---

कोप्रेतेरितो

तिसऱ्या रकान्याबद्दल कुणी बोललं नाही, आणि भौगोलिकदृष्ट्या तोच सगळ्यात कच्चा आहे. ओय, एस्ता मान्याना (आज सकाळी), एस्ता सेमाना म्हणजे पेर्फेक्तो, हा स्पेनच्या मोठ्या भागाचा रिवाज. तिथे आजची न्याहारी "ए देसायुनादो", कालची "देसायुने". काळाची चौकट (आज, हा आठवडा, हे वर्ष) अजून उघडी असेल तर ए... आदो, बंद झाली असेल तर इन्देफिनिदो. पण स्पेनमध्येसुद्धा गालिसिया, आस्तुरियास आणि कानारियास बेटांवर बोलताना आजच्या गोष्टीलाही साधा भूतकाळ वापरण्याकडे कल आहे.

मेक्सिकोत "ओय देसायुने" हेच स्वाभाविक. तिथे पेर्फेक्तो नाहीसा झालेला नाही, त्याचं काम वेगळं आहे: गोष्ट आतापर्यंत लागू आहे आणि पुढेही असू शकते. "नो आ येगादो" म्हणजे आलेला नाही, अजून येईल. "नो येगो" म्हणजे आलाच नाही, विषय संपला. मराठीतल्या 'आलेला नाही' आणि 'आला नाही' यांच्यात असाच फरक ऐकू येतो, त्यामुळे मेक्सिकन वापर आपल्याला लवकर जमावा. ब्वेनोस आयरेसमध्ये मात्र "तोदाबिया नो येगो" बिनदिक्कत म्हणतात. बोलीव्हिया आणि अँडीजच्या पट्ट्यात वारं उलट्या दिशेचं, तिथे पेर्फेक्तो स्पेनपेक्षाही पुढे जातो.

शब्दही फिरतात. परवासाठी स्पेनमध्ये आन्तेआयेर किंवा आन्तेस दे आयेर, मेक्सिकोत बोलताना आन्तिएर. रेसिएन लॅटिन अमेरिकेत सरळ क्रियापदापुढे येतं, "रेसिएन येगे", आत्ताच आलो. स्पेनमध्ये ते कृदंतापुढेच शोभतं: रेसिएन येगादो (नुकताच आलेला). 'सकाळी' स्पेनमध्ये पोर ला मान्याना, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी एन ला मान्याना. दे रेपेन्ते पेरूमध्ये 'कदाचित' या अर्थानेही येतं, तेव्हा तिथे ते ऐकून लगेच इन्देफिनिदोची वाट बघू नका.

मेक्सिकोत छापलेलं व्याकरण हाती आलं तर नावंही वेगळी दिसतील. इन्देफिनिदोला नुसतं प्रेतेरितो, इम्पेर्फेक्तोला कोप्रेतेरितो, पेर्फेक्तोला आन्तेप्रेसेन्ते. ही 19 व्या शतकातले व्याकरणकार आन्द्रेस बेल्यो यांची परिभाषा. रूपं तीच आहेत.

परीक्षेसाठी एकच धोरण: एक प्रकार निवडा आणि एका उत्तरात तोच पाळा. इन्स्तितुतो सेर्बान्तेस या संस्थेच्या देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेत कुठल्याही देशाची प्रमाण स्पॅनिश चालते. एका परिच्छेदात "ओय ए कोमिदो" आणि पुढच्यात "ओय कोमी" असं मात्र करू नका.

---

पानगळ

१ ते ३ उलगडली. 'कशाच्या आधी?' ही कसोटी वहीत गेली. या, तोदाबिया आणि आऊन यांचं काय? या म्हणजे 'आधीच' असं शिकवतात, पण संवाद वाचताना प्रत्येक ठिकाणी 'आधीच' घातलं तर विचित्र वाटतं. आणि नुन्काबरोबर नो का नको? मराठीत 'कधीच' आणि 'नाही' दोन्ही लागतात की.

---

सरळरेघ

'आधीच' विसरा. या सांगतं, की जिची अपेक्षा होती तो बदल झाला. "या कोमिस्ते?" म्हणजे 'झालं का जेवण?' आणि "या कोमी" म्हणजे 'झालं'. मराठीत 'आधीच जेवलो' म्हटलं तर थांबायला हवं होतं असा सूर लागतो, तो स्पॅनिशमध्ये नाही.

चार जोड्या पक्क्या करा: या (झालं), तोदाबिया नो (अजून नाही), तोदाबिया (अजूनही), या नो (आता नाही, पूर्वी होतं). शेवटच्या दोन भूतकाळात नेताना इम्पेर्फेक्तो घेतात, कारण दोन्ही स्थितीबद्दल बोलतात: "एन 2015 तोदाबिया बिबिया आयी" (2015 मध्ये अजून तिथेच राहत होता), "एन 2020 या नो बिबिया आयी" (2020 मध्ये तो तिथे राहत नव्हता, पूर्वी राहायचा). हे शंभर टक्के नाही. "तोदाबिया बिबियो त्रेस आन्योस मास" म्हणजे त्यानंतर आणखी तीन वर्षं जगला. त्रेस आन्योस मासने चौकट बंद केली, म्हणून बिबियो. दोनओळींचाच मुद्दा.

आऊन आणि तोदाबिया एकमेकांच्या जागी चालतात, पण आऊनच्या ऊवर आघातचिन्ह हवं. ते नसेल तर तो 'सुद्धा' अर्थाचा वेगळा शब्द.

नुन्काचा नियम जागेवर आहे. क्रियापदाच्या आधी आलं तर नो नको: "नुन्का ए कोमिदो पेस्कादो". नंतर आलं तर नो हवंच: "नो ए कोमिदो नुन्का पेस्कादो". म्हणजे मराठीसारखे दोन नकार स्पॅनिशमध्येही आहेत, फक्त क्रियापदाच्या आधी कुठला तरी एक नकार हवा आणि तो एकच पुरतो. नादा (काहीच), नादिए (कुणीच), तामपोको (हेही नाही) यांनाही हाच नियम. नुन्कापुढेही दोन्ही रूपं येतात: "नुन्का देसायुनाबा" (न्याहारी कधी करायचाच नाही) आणि "नुन्का फुई आ लीमा" (लीमाला कधी गेलोच नाही). प्रश्नात 'कधी' असेल तर नुन्का नाही, आल्गुना बेस.

जागेचाच आणखी एक मुद्दा. ए आणि कोमिदो यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवू नका. "या ए कोमिदो" किंवा "ए कोमिदो या". "ए या कोमिदो" नाही, "ए सिएम्प्रे केरिदो" नाही. मराठीत 'जेवून' आणि 'झालंय' यांच्यामध्ये काहीही ढकलता येतं, ती सवय इथे आड येते.

गोष्ट सांगताना दोन शब्दांवर लक्ष ठेवा. एन्तोन्सेस: 'त्या काळी' असेल तर इम्पेर्फेक्तो ("एन्तोन्सेस त्राबाखाबा दे नोचे", तेव्हा रात्रपाळी करायचा), 'मग' असेल तर इन्देफिनिदो ("एन्तोन्सेस सालियो", मग तो बाहेर पडला). आणि पोर फिन विरुद्ध आल फिनाल. "पोर फिन येगो" म्हणजे एकदाचा आला. "आल फिनाल नो बिनो" म्हणजे शेवटी आलाच नाही. वाट बघणं संपल्याचा सुस्कारा फक्त पोर फिनमध्ये आहे. शेवट वाईट झाला असेल तिथे तो चुकूनही टाकू नका.

---

मुका_एच

एक राहिलंय. क्रियाविशेषण नसेल तर काळच कळत नाही अशी एक जागा आहे. -आर आणि -इरवाल्या नियमित क्रियापदांत 'आम्ही'चं रूप वर्तमानात आणि इन्देफिनिदोत अगदी सारखं असतं: आब्लामोस, बिबिमोस. "आब्लामोस कोन एल प्रोफेसोर" म्हणजे सरांशी बोलतो की बोललो, हे मागचंपुढचं वाक्य किंवा आयेरच सांगेल. -एरमध्ये ही अडचण नाही: कोमेमोस (जेवतो), कोमिमोस (जेवलो).

-आरवाल्यांच्या एकवचनात सगळा भार आघातावर असतो. आब्लोमध्ये जोर पहिल्या अक्षरावर असेल तर 'मी बोलतो', शेवटच्या अक्षरावर असेल तर 'तो बोलला'. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून रूपं देवनागरीत उतरवून पाठ करू नका. मूळ लिपीत आघातचिन्हासकट लिहा. बोलताना जोर चुकण्याची भीती असेल तर वाक्याची सुरुवातच आयेर किंवा ला सेमाना पासादाने करा, ऐकणारा सावरून घेतो.

---

दोनओळी

चौथं वाक्य कुणी घेतलं नाही. 'सोमवारी'तला -ई बघून एन टाकलं जातं. वारांना आणि तारखांना एन लागत नाही: "एल लूनेस नो फुई आ क्लासे". महिने, ऋतू आणि सालांना लागतं: एन एनेरो, एन बेरानो, एन 2019. वाजल्याच्या वेळेला आ: आ लास ओचो. वारांत एकवचन-अनेकवचनही बघा. एल लूनेस म्हणजे तो एक सोमवार, "एल लूनेस फुई". लोस लूनेस म्हणजे दर सोमवारी, "लोस लूनेस इबा". रकान्यांतल्या बहुतेक शब्दांपेक्षा हा संकेत जास्त भरवशाचा.

परवा आणि तेरवा मराठीत मागे-पुढे दोन्हीकडे चालतात, क्रियापद काय ते ठरवतं. स्पॅनिशमध्ये दिशा शब्दातच असते: मागचा परवा आन्तेआयेर, पुढचा पासादो मान्याना. पासादो बघून तो भूतकाळातला दिवस समजू नका. मागचा तेरवा त्रासान्तेआयेर, पण बोलण्यात आसे त्रेस दियास जास्त. काल रात्रीसाठी आनोचे, परवा रात्रीसाठी आन्तेआनोचे.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना मात्र आजपासून मोजणारे हे शब्द बदलतात. "येगे आयेर" असं तो म्हणाला, हे कालांतराने सांगायचं तर "दिखो के आबिया येगादो एल दिया आन्तेरिओर". आयेरचं एल दिया आन्तेरिओर (आदल्या दिवशी), मान्यानाचं (इथे 'उद्या') आल दिया सिगिएन्ते (दुसऱ्या दिवशी), आसे दोस दियासचं दोस दियास आन्तेस. इथे आबिया येगादो हक्काने येतं, कारण 'कशाच्या आधी?' याचं उत्तर दिखोमध्ये आहे.

आणि सहावं. त्रेस बेसेस ही मोजून संपलेली संख्या, म्हणून "एल बेरानो पासादो फुई आ ला प्लाया त्रेस बेसेस". पण त्याच वाक्यात त्रेस बेसेस पोर सेमाना (आठवड्यातून तीनदा) असतं, तर तुमचं इबाही चाललं असतं. ती संख्या राहिली नाही, नेम झाला.